पावणेदहाची भरती

आमच्या घरी आलेला माणूस बाबांना हवा तेवढा वेळ थांबतो. दाराला कडी लावावी लागत नाही, शपथा घालाव्या लागत नाहीत. ते काम खाडी करते.

आम्ही राहतो त्या जागेला जुवा म्हणतात. खाडीच्या मधोमध पडलेला जमिनीचा तुकडा, चारी बाजूंनी पाणी, बारा घरं, भरपूर माड आणि मध्ये थोडी भातशेती. मी मालवणच्या बाजारात पंप आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. माझी मोटारसायकल समोरच्या काठावर एका ओळखीच्या माणसाच्या पडवीत उभी असते आणि घर ते मोटारसायकल हा प्रवास होडीने होतो. भरतीला होडी थेट आमच्या अंगणाखालच्या धक्क्याला लागते. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की होडी चिखलात एका कुशीवर आडवी होते. त्या चिखलात उतरलेला माणूस कसाबसा बाहेर येतो, त्याच्या चपला येत नाहीत.

खाडीचं वेळापत्रक काढायची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात, पुनवेला सव्वाअकरा, वद्य पक्ष लागला की पुन्हा पहिल्यापासून. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी आळसावल्यासारखं जेमतेम हलतं. पुनव-अवस जवळ आली की उधाण, आणि उधाणाची ओहोटीही तशीच कडक. हे आमच्या जुव्यावर सगळ्यांना येतं. बाबांनी फक्त त्याचा पाहुण्यांवर प्रयोग केला.

"खांब पुढच्या महिन्यात बघूया" एवढं सांगायला एक वायरमन आला होता. बाबांनी त्याच्यासाठी शहाळं सोलायला घेतलं. मग दुसरं सोललं. बाबा एरवी तीन घावांत शहाळं उघडतात, त्या दिवशी त्यांना कोयती सापडेना, सापडली तर धार नव्हती. वायरमन धक्क्यावर पोचला तेव्हा होडी आडवी झाली होती. पाच तास नुसतं बसून काय करणार? बिचारा खांबावर चढला. विमा विकायला आलेला एक जण विमा न विकता संध्याकाळी सुकटीची पिशवी आणि आमच्या मांजरीचं एक पिल्लू घेऊन गेला. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराने तर खाडीवर साकव बांधून द्यायचं वचन सहा तासांत अकरा वेळा दिलं. साकव अजून नाही, पण त्या माणसाचा घसा बसला होता हे मी स्वतः ऐकलंय.

मी तेहतीस वर्षांचा झालो तेव्हा बाबांनी हीच विद्या माझ्या लग्नासाठी वापरायचं ठरवलं. त्यांना दोष देता येत नाही. आमच्याकडे मुलाकडचे आधी मुलगी बघायला जातात आणि पसंती जमली की मुलीकडचे मुलाचं घर बघायला येतात. माझी तीन स्थळं त्या घर बघण्यात बुडाली होती. मुलगा बरा, माणसं बरी, जेवण तर फारच बरं, आणि मग होडीत चढताना कोणीतरी मागे वळून पाण्याकडे बघायचं. त्या बघण्यावरूनच मला निकाल कळायचा.

या तीन स्थळांमुळे मी एका विषयात मात्र हुशार झालो. घर बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ऐकला की तो कुठच्या जमिनीवर वाढला ते मी सांगू शकतो. देवगडचा माणूस आधी आंब्याची कलमं किती विचारतो आणि मग पश्चिमेचा वारा किती लागतो ते. व्हाळाकाठचा, म्हणजे ओढ्याकाठचा, माणूस भिंतीवर श्रावणातल्या पाण्याची खूण शोधतो. तळेऱ्याचा माणूस विचारतो, एसटी किती मिनिटांवर? आणि सड्यावरची माणसं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या त्या उघड्या कातळावर राहणारी, ती विहिरीबद्दल विचारतात. माणसाला वाटतं आपण डोक्याने विचार करतो. अर्धा विचार पायाखालच्या जमिनीने आधीच करून ठेवलेला असतो, आपण फक्त डोकं हलवतो.

चौथं स्थळ कट्टा गावाच्या पलीकडच्या सड्यावरचं होतं. घरी काजू, थोडी गुरं, वडील कमी बोलणारे. आम्ही बघायला गेलो तेव्हा मुलगी पोह्यांची थाळी ठेवून समोर बसली आणि कचेरीत बोलावी तशा शुद्ध मराठीत तिने मला विचारलं, "तुम्हाला पोहता येतं?"

"येतं."

"मला नाही येत. तुमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं?"

"असतं," मी म्हटलं.

ती हसली. तिचा एक दात जरासा पुढे आहे, हसताना तो आधी दिसतो. परत येताना मी मोटारसायकल दोनदा भलत्याच वळणावर घातली, कारण मला ती फार आवडली होती आणि मी तिला अर्धंच खरं सांगितलं होतं. आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं. ते खारं असतं.

त्यांनी घर बघायला यायचं कळवलं आणि बाबा पंचांग घेऊन बसले. अवस उधाणाला उत्तम, पण अवसेला चांगल्या कामाला कोण येणार? पुनव कामाच्या वारी पडत होती. अखेर माघ शुद्ध त्रयोदशीला रविवार सापडला आणि बाबांनी मांडीवर थाप मारली. तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहाला भरती, दहाला पाहुणे, एकला होडी चिखलात, ते थेट साडेसहापर्यंत.

"साडेपाच तास!" बाबा म्हणाले. "साडेपाच तासांत दगड पन हो म्हणात."

रविवारी पहाटे त्यांनी समोरच्या काठावरून गोड्या पाण्याचे चार कॅन आणून घरातल्या कळश्या भरून ठेवल्या. उधाण जवळ आलं की आमच्या विहिरीचं पाणी माघातच मचूळ लागायला लागतं. मी ते बघितलं आणि गप्प बसलो. लग्न मला करायचं होतं.

ती आली, तिचे वडील आले आणि तिचे मामा आले. मामा म्हणजे पांढरे बूट, मोठा आवाज आणि हातात सारखा फोन. होडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी तोच प्रश्न विचारला जो प्रत्येक स्थळाने विचारला होता.

"रातचो ताप इलो तर काय करतास?"

"आमच्याकडे ताप भरतीकच येता," बाबा म्हणाले.

सगळे हसले. ती नाही हसली.

चहा झाला, माड दाखवून झाले, शहाळी सुरू झाली. बाबांना कोयती सापडत नव्हती. बारा वाजता मामा फोनला रेंज मिळावी म्हणून माडाच्या बुंध्यावर चढून बोलायला लागले आणि त्यांचा आवाज मोठा असल्याने ते सगळ्या जुव्याशीच बोलले. "होय, होय, चार वाजता तळेऱ्याक पोचतंवच. झील घराक आसात मां?"

म्हणजे त्याच दिवशी चारला तळेऱ्याला दुसऱ्या मुलाचं घर बघायचं ठरलं होतं. हायवेवरचं घर. मी पंपाशी उगाच खुडबुड करत होतो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बाबांच्या विद्येचा अभिमान वाटला. बसा म्हटलं आता, बघूया तळेरं कुठे पळून जातं ते.

सव्वाएकला मंडळी धक्क्यावर गेली. होडी एका कुशीवर निवांत झोपली होती.

"अरे देवा," बाबा म्हणाले. त्यांनी कपाळावर हातसुद्धा मारला. "गजालीत वेळ कसो गेलो, कळाकच नाय. आता जेवनच जावा."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण आईने काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी मांडली तेव्हा तेही बसले. तिचे वडील तर दोनदा सोलकढी प्यायले. बाबा मला डोळ्यांनी खुणावत होते की बघ, जमतंय.

बाबांनी एकच चूक केली, आणि ती फक्त आमच्या जुव्यावरचा माणूसच करू शकतो. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्यावर बाबा रोजच्या पाण्याच्या वेळा पेन्सिलने लिहितात. आम्हाला त्याची इतकी सवय की ते काढून ठेवावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जेवणानंतर ती आईला भांडी उचलू लागली आणि समोर त्रयोदशीचा चौकोन. लाल पेनाने गोल, आणि खाली बाबांच्या अक्षरात: पावणी १० ला. होडी १ ला बसता, साडेसाला तरंगता.

मी विहिरीपाशी होतो. ती तरातरा आली. कचेरीतलं मराठी कुठच्या कुठे गेलं होतं आणि 'तुम्ही'सुद्धा.

"ह्या मुद्दाम केलंस?"

"बाबांनी. पन माका म्हायती होता."

तिने विहिरीत कळशी सोडली. सड्यावरच्या मुलीचा हात, दोन ओढींत कळशी वर. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"तू म्हणालंस, मे म्हयन्यात पाणी आसता."

"आसता. खारा आसता."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं. चैत्रापासून पिण्याचं पाणी होडीने आणावं लागतं आणि ते बहुतेक वेळा मीच आणतो, पण मी कामावर असलो की आई आणते. बाजारहाट तिथी बघून. भर ओहोटीला रात्री कोणी आजारी पडलं तर खुर्चीत बसवून चार जण उचलून नेतो, तसं शेजारच्या काकींना दोनदा नेलंय. पण पाणी चढता-उतरताना मधले दोन तास असे असतात की होडीही चालत नाही आणि पायही टेकत नाहीत, तेव्हा नुसतं उशाशी बसून राहावं लागतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "सवय होता मगे?"

"खाऱ्या पाण्याची सवय काय होणा नाय," मी म्हटलं. "आईक चाळीस वर्सां झाली लग्नाक. अजून तोंड वाकडा करता."

"आनि आता साडेसापर्यंत हयसून भायर पडाक वाटच नाय?"

तीन वाजून गेले होते. "नाय" म्हणायला मला काहीच लागलं नसतं. बाबांची सगळी योजना त्या एका शब्दावर उभी होती. मी जर 'नाही' म्हटलं तर तळेऱ्याचं घर आज बघून होणार नव्हतं, आणि पाच तासांत काय काय होऊ शकतं ते मी वायरमनच्या वेळी बघितलं होतं.

"आसा," मी म्हटलं.

कारण जी ओहोटी होडीला अडवते तीच जुव्याच्या वरच्या टोकाला वाट उघडते. तिथून समोरच्या काठापर्यंत पाण्याखाली वाळूची एक लांब दांडी आहे. कडक ओहोटीला तासाभरासाठी तिच्यावरचं पाणी गुडघ्याएवढं होतं, आम्ही त्याला उतार म्हणतो. आमची माणसं अडीनडीला तिथूनच जातात, खुर्चीही तिथूनच जाते. पाहुण्यांना मात्र तिकडून कोणी नेत नाही, कारण त्यात शोभा नाही.

पावणेचारला आम्ही निघालो. सर्वात पुढे मी, माझ्या हातात बांबूचं एक टोक, दुसरं टोक तिच्या हातात. तिला पोहता येत नव्हतं आणि बांबू इतका घट्ट धरला होता की मला मागे खेचल्यासारखं होत होतं. तिच्यामागे पँट दुमडलेले तिचे वडील, शेवटी बूट हातात घेतलेले मामा. अर्ध्यावर मामांचा तोल गेला. मामा वाचले, एक बूट अजून आमच्या खाडीत आहे.

पलीकडे बांधावरून अर्धा तास चाललं की त्यांची गाडी. मी सोडायला गेलो. तिचे वडील "बरा हा" एवढंच म्हणाले. मामांनी एका बुटाने गाडी चालवत तळेऱ्याची वाट धरली, आणि तिला मी माझ्या हाताने तिकडे पाठवलं.

तोवर उतार बुडाला होता, पोहत परत आलो तर बाबा वरच्या टोकाला उभे होते.

"पावण्यांका चिखलातसून न्हेलंस. माझी आख्खी ओहोटी फुकट घालवलंस."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. काही सांगायचं असेल तर मांजरीला सांगत. "तेका सांग, पंपाचो आवाज येता." मांजर माझ्याकडे बघायची, मी पंप बघायचो. आई दोघांवरही चिडली होती, पण दोघांनाही वाढत होती.

तिकडून फोन नाही, निरोप नाही. मी दिवसातून दहा वेळा रेंज बघायचो. मला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मला माझ्या खरेपणाचा रागही येत होता. एक दिवस खोटं बोललो असतो तर काय खाडी आटली असती?

पंधरवडा सरला. माघ वद्य द्वादशी, शिवरात्र दोन दिवसांवर, पुन्हा रविवार. दुपारी मी अंगणात एक इंजिन उघडून बसलो होतो आणि वरच्या टोकाकडून बाबांनी हाक मारली. मांजरीला नव्हे, मला.

"रे! कोनतरी चलत येता!"

मी धावलो. उतारावर गुडघाभर पाण्यात ती होती. एकटी. सलवार दुमडलेली, चपला ओढणीला बांधून गळ्यात, हातात काठी, आणि एकेक पाऊल काठीने चाचपून टाकत होती. पलीकडे बांधावर तिचे वडील छत्री घेऊन बसले होते. मी पाण्यात उतरायला लागलो तर ती ओरडली, "थंयच रव!"

म्हणून मी तिथेच राहिलो. आयुष्यात एवढा वेळ मी कधी कोणाची वाट बघितलेली नाही, आणि मी शाळेची सगळी वर्षं एसटीने काढलीत.

वर आल्यावर ती धापा टाकत होती. बाबा घाईघाईने म्हणाले, "आज उतार तीनाक."

"तीन वाजान धा मिनटांनी," ती म्हणाली. "फोनात दाखवता."

"फोनाक तिथी कळता?"

"तिथीन पन करून बघितलंय. बारा पाऊण नऊ, मगे सा तास. तुमी धा मिनटां चुकतास."

बाबांना आयुष्यात कोणी असं बोललं नव्हतं. ते कोयती शोधायला घरात गेले, आणि त्या दिवशी ती त्यांना लगेच सापडली.

मग ती माझ्याकडे वळली. "तळेऱ्याचो झील बरो होतो," ती म्हणाली. "घर बरा, रस्तो दारात. पन दारात्सून टरक जातत, एकमेकाचा बोलणा ऐकाक येणा नाय. मी विचारलंय तर म्हणाक लागले, सवय होता."

"होत आसतली."

"होत आसतली. पन माका आजपर्यंत कोण असो गावलो नाय, जो म्हणालो की सवय होणा नाय." तिने गळ्यातल्या चपला काढून खाली टाकल्या. "भरतीक इलंय आसतंय तर तुमी आणलास असा झाला आसता. मी माज्या पायांनी इलंय. आता आईक विचार, च्या मिळतली काय."

लग्न सड्यावर त्यांच्या अंगणात झालं. मामा आले होते, नवे बूट घालून.

आता दोन वर्षं झाली. कॅलेंडरवर हल्ली दोन हस्ताक्षरं असतात, पेन्सिलने बाबांची वेळ आणि शेजारी निळ्या शाईत तिची, आणि रोज सकाळी दोघांचं त्यावरून वाजतं. चैत्रात पाणी आणायला आम्ही दोघं जातो. मचूळ पाणी तोंडात गेलं की ती अजून थुंकते. पोहायला मात्र शिकली.

तिचे वडील, म्हणजे आबा, दोन-तीन महिन्यांनी येतात आणि येतात तेच जायच्या घाईत. गुरं राहिलीत, काजूला पाणी घालायचंय, चहा पुरे. ते गेले की ती संध्याकाळभर भांडी जरा जोरात आपटते. मागच्या खेपेला फोनवर मी तिचं बोलणं ऐकलं. "आबा, रविवारी येवा. धाच्या आत येवा हा." मी सहज कॅलेंडर बघितलं. त्रयोदशी होती.

आबा दहाला आले. बाराला उठले तर तिने शहाळं पुढे केलं. मग विहिरीवरचा नवा पंप दाखवला. मग तिच्या आईला द्यायची डाळ कुठे ठेवली ते आठवेना. बाबा ओसरीवर बसून हे सगळं बघत होते, आणि वर्गातल्या हुशार मुलीकडे मास्तरांनी बघावं तसं बघत होते. मी म्हणायला गेलो की सव्वातीनला उतार उघडेल, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सुपारी तोंडात टाकली.

दीडला आबा धक्क्यावर गेले. होडी कुशीवर झोपली होती. त्यांनी आधी होडीकडे बघितलं. मग त्यांनी वरच्या टोकाकडे बघितलं. तो उतार त्यांनी स्वतः चालून पार केला होता, त्यांना काय माहीत नव्हतं? मग घड्याळ बघितलं आणि शेवटी लेकीकडे. ती दुसरीकडेच बघत होती.

"पाणी गेला वाटता," आबा म्हणाले.

"होय, आबा."

"मगे आता काय, रवाकच होया."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि उशी मागितली. सव्वातीनला उतार उघडला, मी अंगणातून बघितला. आबा ओसरीवर आडवे झाले होते, ती त्यांच्या उशाशी बसून गुरांची एकेकाची नावं घेऊन चौकशी करत होती, आणि उताराकडे दोघांपैकी कोणीच बघत नव्हतं.